आठशे मीटर धावणाऱ्या पोरींचा हिशेब कोण ठेवणार?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी विहारात वंदना झाल्यावर एक आई माझ्याजवळ येऊन बसली. बाकीच्या बाया पांगेपर्यंत थांबली आणि मग हळूच म्हणाली, "सिस्टर, पोरीची पाळी चार महिने आली नाही. शेजारीण नको नको ते बोलते. तुम्ही बघता का जरा?"

पोरगी एकोणीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या उत्तर नागपूरच्या वस्तीतून अशा दहा-पंधरा पोरी पहाटे पाचला मैदानावर जातात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक असते. पन्नास गुणांपैकी वीस गुण एकट्या आठशे मीटरचे. ते वीस गुण म्हणजे घराला पहिला सरकारी पगार, ही गोष्ट त्या पोरींना कुणी समजावून सांगावी लागत नाही.

मी तिला विचारलं, सकाळी काय खातेस? म्हणाली, चहा घेऊन जाते. आठला परत आली की भांडी, पाणी, धाकट्या भावाची शाळा. मग कॉलेज. नीट जेवण दुपारी दोनला. रात्री भात बंद, कारण मैदानावर कुणीतरी सांगितलं होतं की वजन कमी केलं की वेळ सुधारते. पाळी बंद झाल्याचं तिने शिकवणाऱ्या सरांच्या बायकोला सांगितलं, तर तिकडून उत्तर आलं, "बरंच आहे की, सरावात खाडा नाही."

आता माझी चूक सांगते. मीही त्या दिवशी हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं, ९.६ आलं, लोहाच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्या आणि समाधान मानलं. तिची नडगी दुखते हे ती सांगत होती, ते मी कानाआड केलं. धावणाऱ्याची नडगी दुखणारच, असं माझ्या डोक्यात होतं. तीन आठवड्यांनी तिला पाय टेकवेना. हाडाला बारीक तडा गेला होता. त्या वर्षीची भरती गेली.

मी नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा गरोदर बाई, बाळंत बाई, स्तनदा माता यांच्यावर पानंच्या पानं शिकले. खेळणाऱ्या, धावणाऱ्या मुलीच्या शरीरावर एक धडाही नव्हता. बाईचं शरीर म्हणजे मूल होण्याचं शरीर, एवढंच आम्हाला शिकवलेलं. त्या पोरीचा पाय मोडल्यावर मी वाचायला बसले. जे वाचलं ते आपल्या घरांपर्यंत पोचायला हवं, म्हणून हे पान.

आधी पळू दिलं नाही, मग पळणारीची झडती घेतली

याच आठशे मीटरचा इतिहास ऐका. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायकांना पहिल्यांदा आठशे मीटर धावू दिलं. जर्मनीच्या लिना राडके यांनी जागतिक विक्रमासह ती शर्यत जिंकली. नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. पण वर्तमानपत्रांनी रंगवून लिहिलं की बायका धडाधड कोसळल्या, हे अंतर त्यांच्या शरीराला झेपत नाही. शर्यत संपल्यावर दमून खाली बसणारे पुरुष कुणाला दिसले नाहीत. त्यानंतर बायकांची आठशे मीटर ऑलिंपिकमधून काढून टाकली, ती परत आली १९६० साली. बत्तीस वर्षं! कुठलाही अभ्यास न करता, नुसत्या समजुतीवर.

मग आपल्या देशातली गोष्ट. शांती सौंदराजन, तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली दलित घरातली लेक. आईबाप वीटभट्टीवर राबणारे. डिसेंबर २००६ मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत तिने आठशे मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर तिची लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतलं गेलं आणि ती बातमी टीव्हीवर गावभर झाली. ज्या पोरीच्या पोटात पुरेसं अन्न जातं का, हे लहानपणी कुणी तपासलं नाही, तिचं शरीर ती जिंकल्यावर तपासायला सगळे धावले.

२०१४ मध्ये ओडिशाच्या विणकर घरातल्या द्युती चंदवरही तीच वेळ आली. तिच्या शरीरात नैसर्गिकरीत्या टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून तिला राष्ट्रकुल स्पर्धेतून बाजूला केलं. पण या वेळी एक फरक होता. पयोष्णी मित्रा यांच्यासारख्या अभ्यासक-कार्यकर्त्या, वकील आणि शास्त्रज्ञ तिच्या बाजूने एकत्र उभे राहिले. प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं. २०१५ मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला, कारण त्या नियमामागे पुरेसा शास्त्रीय पुरावा ठेवता आला नव्हता. द्युती परत धावली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदकं घेऊन आली.

शांतीजवळ तेव्हा कुणी नव्हतं. द्युतीजवळ माणसं होती आणि त्यांच्या हातात अभ्यास होता. माझं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे. मुलीच्या शरीराची माहिती तिच्या विरोधातही वापरता येते आणि तिच्या बाजूनेही. ती कुणाच्या हातात आहे आणि कशासाठी गोळा केली आहे, यावर सगळं ठरतं.

शंभरातले सहा

खेळाडूंनी काय खावं, किती सराव करावा, किती विश्रांती घ्यावी, हे क्रीडाविज्ञान सांगतं. ते विज्ञान कुणाच्या शरीरावरून तयार झालं? २०२१ मध्ये काही संशोधकांनी सहा नामवंत क्रीडाविज्ञान नियतकालिकांत २०१४ ते २०२० या काळात छापून आलेले ५,२६१ अभ्यास मोजले. फक्त पुरुषांवर केलेले अभ्यास होते ३१ टक्के. फक्त स्त्रियांवर केलेले ६ टक्के. उरलेल्यांत दोघेही होते, पण एकूण सहभागी माणसं मोजली तर स्त्रिया ३४ टक्केच.

कारण काय? पाळीमुळे बाईच्या शरीरात महिनाभर चढउतार होतात, त्यामुळे मोजमाप किचकट होतं, खर्च वाढतो. म्हणून सोपं शरीर घेतलं, पुरुषाचं. निष्कर्ष काढले आणि बाईला तेच लावले. शिंप्याने बापाच्या मापाने लेकीचा ड्रेस शिवावा आणि बसला नाही तर पोरीलाच नावं ठेवावीत, तसला हा प्रकार.

ते सहा टक्केही बहुतेक श्रीमंत देशांतले आहेत. पहाटे चहावर धावणारी, दहा घागरी पाणी भरणारी, घरात शेवटी जेवणारी मुलगी त्या अभ्यासांत कुठे आहे?

पगार कमी, खर्च जास्त

तरीही जे थोडं संशोधन झालं, त्यातून एक मोठी गोष्ट हाती आली आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी पाहिलं की खेळाडू मुलींमध्ये तीन गोष्टी जोडीने दिसतात. खाणं कमी पडणं, पाळी बंद होणं आणि हाडं ठिसूळ होणं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने याची व्याप्ती वाढवली आणि त्याला नाव दिलं रेड-एस. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. गोष्ट आपल्या घरखर्चासारखी आहे.

महिन्याचा पगार ठरलेला. अचानक दवाखान्याचा खर्च वाढला तर आपण काय करतो? आधी कपडे बंद, मग गावाला जाणं बंद, मग घराची डागडुजी पुढे ढकलतो. चूल मात्र पेटती ठेवतो. शरीरही तेच करतं. अन्न म्हणजे पगार, सराव म्हणजे वाढलेला खर्च. ताकद पुरेना की शरीर आधी पाळी बंद करतं, कारण जगायला ती लगेच लागत नाही. मग हाडांची डागडुजी थांबते. मग सर्दी-खोकला वारंवार, झोप उडणं, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणं. एवढं सोसून वेळही सुधारत नाही, उलट घसरते. पोरीला वाटतं आपण कमी पडतो, म्हणून ती आणखी धावते आणि आणखी कमी खाते.

विशीच्या आसपासचं वय म्हणजे हाडांत साठा टाकण्याचं वय. बहुतेक साठा याच वयापर्यंत होतो, पुढे त्यातून नुसतं काढणं असतं. त्या वयात पाळी महिनोन्महिने बंद राहिली तर नुकसान आजच्या नडगीपुरतं राहत नाही. ते पन्नाशीतल्या कमरेपर्यंत जातं.

म्हणून मायबहिणींनो, ही गोष्ट पक्की धरा. सरावामुळे पाळी बंद होणं हे तंदुरुस्तीचं लक्षण नाही. तो शरीराचा इशारा आहे. पाळी तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही, तर डॉक्टरला दाखवायचं. डॉक्टर गर्भ, थायरॉईड, अंडाशयाचे विकार हे सगळं तपासतील. ती तपासणी म्हणजे पोरीवर संशय नव्हे. शेजारणीच्या तोंडाला घाबरून उशीर करू नका.

आणि दुसरी बाजूही तितकीच पक्की धरा. यावर उपाय म्हणजे मैदान बंद करणं नव्हे. "पळापळीने बाईपण बिघडतं" असं म्हणणारे १९२८ चीच री ओढतात. बिघाड धावण्यात नाही, धावण्याच्या मानाने ताटात कमी पडण्यात आहे.

आपल्या ताटातला फरक

परदेशी अभ्यासांत खाणं कमी पडण्याची कारणं वाचली तर त्यात बारीक दिसण्याचा हट्ट, वजनगटाचा दबाव, प्रशिक्षकांचे टोमणे अशी कारणं ठळक दिसतात. आपल्याकडेही ती शिरू लागली आहेत. पण आपल्या वस्तीत त्याच्याही आधीची कारणं आहेत. घरात मटण-कलेजी आली की पहिली वाटी कुणाला जाते? अंडं एकच उरलं तर कुणाला मिळतं? "मुलीच्या जातीला एवढी भूक बरी नाही" हे वाक्य कुणाच्या घरात बोललं जात नाही?

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. म्हणजे आपली बहुतेक पोरगी शर्यत सुरू होण्याआधीच मागे उभी असते. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी असेल तर फुप्फुसं कितीही भरा, पायाला प्राणवायू पोचत नाही. मग शेवटच्या दोनशे मीटरला दम तुटतो आणि आपण म्हणतो, जिद्द कमी पडली.

इथे सरकारी व्यवस्थेतली एक फट दाखवते. दहा ते एकोणीस वयासाठी शाळा आणि अंगणवाडीतून आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. गरोदर बाईला रोजची गोळी मिळते. वीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांसाठीही योजनेत आठवड्याची गोळी लिहिलेली आहे. पण शाळा सोडलेली आणि लग्न न झालेली, भरतीला धावणारी मुलगी कुणाच्याच रोजच्या यादीत नसते. ती शाळेत नाही, गरोदर नाही, आजारी नाही. माझ्या कामाच्या अनुभवात या पोरींच्या हातात गोळी पोचलेली मी क्वचितच पाहिली.

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. सिकलसेल आपल्या समाजात आहे, लपवून उपयोग नाही. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. धावणाऱ्या प्रत्येक मुलीने आणि मुलाने ती एकदा करून घ्यावी. नुसता वाहक असलेला माणूस खेळू शकतो, धावू शकतो. पण उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच आठवड्यात जीव तोडून धावणं त्याच्यासाठी धोक्याचं ठरू शकतं. अमेरिकेत विद्यापीठांच्या वरच्या गटातल्या खेळाडूंची ही तपासणी २०१० पासून होते, ती यासाठीच. वाहकाला संघातून काढत नाहीत. सराव हळूहळू वाढवतात, पाणी आणि विश्रांती जास्त देतात. आणि ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय लोहाची गोळी सुरू करू नये.

नॉर्वेच्या मैदानावरचा धडा

संशोधन म्हटलं की आपल्याला मोठी यंत्रं, काचेच्या खोल्या, इंग्रजी बोलणारी माणसं दिसतात. म्हणून हे उदाहरण सांगते.

एकाच प्रकारच्या खेळात मुलींच्या गुडघ्याचं लिगामेंट मुलांपेक्षा दोन-तीन पटीने जास्त तुटतं. कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या पोरींच्या घरांना हे दुखणं माहीत आहे. ऑपरेशनचा खर्च ऐकला की खेळ तिथेच संपतो. नॉर्वेत २००७ च्या हंगामात १२५ फुटबॉल क्लबांमधल्या १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर एक अभ्यास झाला. निम्म्या-अर्ध्या क्लबांनी सरावाआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम केला. हळू धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, मांड्या आणि पोटाची ताकद वाढवणं, उडी मारून उतरताना गुडघा आत वळू न देणं. बाकीच्या क्लबांनी नेहमीचाच सराव केला. हंगामाच्या शेवटी व्यायाम करणाऱ्या मुलींमध्ये गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी निघाल्या.

यात यंत्र कुठलं? एक चेंडू, मोकळी जागा आणि वीस मिनिटं. तो व्यायाम करून घेतला प्रशिक्षकांनी. केला मुलींनी. मोजणी केली संशोधकांनी. तिघांपैकी एकानेही हात आखडता घेतला असता तर हे ज्ञान तयारच झालं नसतं. सहकार्य म्हणतात ते हे. आज तो व्यायाम जगभर फुकट शिकवला जातो. आपल्या वस्तीतल्या किती मैदानांवर तो पोचला?

पाळीची वही, पण पोरीच्याच हातात

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. स्पर्धेनंतर तिने उघडपणे सांगितलं की पाळीचा तिसरा दिवस होता आणि अंगात अशक्तपणा जाणवत होता. त्याआधी २०१६ मध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई रिओच्या तलावाबाहेर उभी राहून असंच बोलली होती. जगातल्या इतक्या मोठ्या खेळाडू हे बोलतात आणि आपल्याकडे पोरगी सरांना "पोट दुखतं" एवढंच सांगून कोपऱ्यात बसते.

पाळीत खेळ घसरतो का? २०२० मध्ये आजवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात दिसलं की सरासरीने फरक अगदी थोडा आहे आणि प्रत्येकीचा वेगळा आहे. कुणाला काहीच होत नाही, कुणाला दोन दिवस उठवत नाही. म्हणजे "पाळीत धावू नये" हाही नियम खोटा आणि "काही होत नाही, नखरे करू नकोस" हाही खोटा. प्रत्येकीने स्वतःची नोंद ठेवणं हाच मार्ग उरतो. अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने २०१९ च्या विश्वचषकाच्या तयारीत खेळाडूंच्या पाळीच्या नोंदी ठेवल्या आणि प्रत्येकीला होणाऱ्या त्रासाप्रमाणे झोप आणि खाणं सांभाळलं. विश्वचषक त्यांनीच जिंकला. नोंदींमुळे जिंकला असं मी म्हणणार नाही, पण जिंकणाऱ्यांना त्याची लाज वाटली नाही, हे नक्की.

मोबाईलचं ॲप नको. दहा रुपयांची वही पुरे. पाळीची तारीख, किती दिवस, किती त्रास, त्या दिवशी किती धावली, काय खाल्लं, कुठे दुखलं. तीन महिन्यांत पोरीला स्वतःचं शरीर कळायला लागतं. डॉक्टरलाही त्या वहीतून पाच मिनिटांत जे कळतं, ते तासभर विचारून कळत नाही.

पण शांतीची गोष्ट विसरू नका. म्हणून माझ्या अटी आहेत आणि त्या मी कुठल्याही मोठ्या संस्थेपुढे मांडायला तयार आहे. वही पोरीची. तिच्या मर्जीशिवाय ती सरांनी मागायची नाही. वहीतल्या कारणावरून कुणाला संघातून किंवा सरावातून काढायचं नाही. उद्या एखादं मेडिकल कॉलेज किंवा विद्यापीठ आपल्या पोरींवर अभ्यास करायला आलं तर दार उघडा, कारण आपण मोजले गेलो नाही तर आपल्यासाठी काही तयारही होणार नाही. पण आधी मराठीत समजावून सांगा, मग सही घ्या. अठराखालील मुलीला आईबापाची संमती लागते, तशी तिची स्वतःचीही हो लागते. नाव उघड करायचं नाही. रक्त घेऊन गेलात तर रिपोर्ट परत आणून द्या आणि अभ्यास संपल्यावर वस्तीत येऊन काय सापडलं ते सांगा. आपण नुसता नमुना व्हायचं नाही, अभ्यासात भागीदार व्हायचं.

"आधी खायला द्या, संशोधन मग"

हे मी बोलले तेव्हा एका कार्यकर्त्या भावाने मला अडवलं. म्हणाला, ताई, इथे पोरींना दूध मिळत नाही आणि तुम्ही संशोधनाच्या गोष्टी करता. त्याचा राग मला कळतो. पण मी त्याला विचारलं, दूध मिळत नाही हे सरकारपुढे सिद्ध कसं करणार? किती पोरी धावतात, किती जणींचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली आहे, किती जणींची पाळी थांबली, किती जणींच्या हाडाला तडे गेले, हा आकडा कुणाकडे आहे? आकडा नसेल तर आपली तक्रार ही रडगाणं ठरते. आकडा असेल तर ती मागणी होते.

आम्ही आमच्या वस्तीत सुरुवात केली आहे. भरतीच्या सरांशी बोलताना आधी अवघड गेलं. त्यांना वाटलं मी पोरींना घरी बसवायला आले. मग मी नॉर्वेचा व्यायाम दाखवला आणि म्हणाले, सर, तुमची एक पोरगी जरी पाय मोडून बसली तरी तुमचाच निकाल कमी होतो. ते पटलं. आता सरावाआधी वीस मिनिटं तो व्यायाम होतो. सर वजन कमी कर म्हणत नाहीत, आधी मला फोन करतात. आशाताई वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन बघतात. आयांनी सकाळचं खाणं आपल्या अंगावर घेतलं.

सकाळचं खाणं म्हणजे महागडी पावडर नव्हे. सरावाला जाण्याआधी एक केळं, किंवा मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. परत आल्यावर तासाभराच्या आत भाकरी-पोळी, वरण किंवा उसळ, जमेल तेव्हा अंडं. आठवड्यातून कधी सुकट, कधी कलेजी, आणि त्यात पोरीची वाटी पहिली. सोबत लिंबू पिळा, त्याने अन्नातलं लोह अंगी लागतं. चहा जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर नको, तासभर अंतर ठेवा. जवसाची चटणी, आंबाडीची भाजी हे तर आपलंच आहे. आणि भात बंद करू नका. धावणाऱ्या पोरीला भात लागतो.

एकाच जागी हाड दुखत असेल, बोट लावलं तर कळ येत असेल आणि दोन आठवड्यांत थांबत नसेल, तर धावणं थांबवून दाखवा. सुरुवातीला एक्स-रेमध्ये बारीक तडा दिसत नाही, म्हणून "एक्स-रे चांगला आहे" यावर विसंबून परत धावू नका. हे मी माझ्या चुकीतून शिकले.

बाकीच्या मागण्या आपल्याला मिळून कराव्या लागतील. सरावाच्या प्रत्येक मैदानावर पाणी आणि कडी लागणारं मुलींचं संडास-बाथरूम. भरतीचा सराव घेणाऱ्यांना मुलींच्या आरोग्याचं एक दिवसाचं तरी प्रशिक्षण. अठरा ते पंचवीस वयाच्या खेळणाऱ्या मुलींची आरोग्य केंद्रात वेगळी यादी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात खेळाडू मुलीचा एक धडा. आणि क्रीडाविभाग, आरोग्यविभाग, मेडिकल कॉलेज यांनी एकत्र येऊन महाराष्ट्रातल्या खेळणाऱ्या मुलींचा पहिला नीट अभ्यास. कबड्डीच्या, खो-खोच्या, भरतीच्या मैदानावरचा, आपल्या भाषेतला.

त्या पोरीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. दोन महिने पाय प्लास्टरमध्ये आणि घरात. मग हळूहळू चालणं. भात परत सुरू झाला. सहाव्या महिन्यात आईचा फोन आला, "सिस्टर, आली." एवढंच बोलली, मला कळलं. नंतर हिमोग्लोबिन साडेबारा झालं. आता ती परत मैदानावर आहे. पुढच्या भरतीत तिचं नाव लागेल की नाही मला माहीत नाही. पण तिच्या दप्तरात एक वही आहे, आणि परवा मी पाहिलं, तिच्या शेजारी नव्याने आलेल्या सोळा वर्षांच्या पोरीला ती वही कशी भरायची ते दाखवत होती.

तुमच्या वस्तीतून किती पोरी पहाटे मैदानावर जातात? या रविवारी विहारात विचारा आणि मोजा. सुरुवात तिथूनच होते.

सर्वांना सप्रेम जयभीम.